तिला सवय आहे

पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, बुधवारा, शनवारा मोहल्ल्यांतून आलेल्या शेजाऱ्यांनो, निंबोल्याहून टेम्पो करून आलेल्या सुवार्ताच्या माहेरच्या माणसांनो, आणि पहिल्या रांगेत बसलेली सुवार्ताची सून, माझी रूथ,

मी लीला. शाळेतली लीला मॅडम म्हणून इथले निम्मे लोक मला ओळखतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना मी पाढे म्हणायला लावून उभं केलेलं आहे. सुवार्ताची आणि माझी मैत्री चाळीस वर्षांची. आज इथं उभं राहून बोलणं मला जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. रडणं माझं घरी झालं. मला राग आलाय. शोकसभेत रागावू नये, एवढं मलाही कळतं. सकाळी साडी नेसताना मी स्वतःला बजावलं होतं की लीला, आज गोड बोलायचं, दोन आठवणी सांगायच्या आणि खाली बसायचं. पण माझ्या आधी चौघं जण बोलले. त्यांचं ऐकलं आणि माझा बेत मोडला.

चौघंही एकच शब्द बोलले. नम्र. सुवार्ताबाई किती नम्र होत्या. सुवार्ताबाईंनी कधी वर मान करून पाहिलं नाही. सुवार्ताबाईंनी कधी नाही म्हटलं नाही. मागच्या फ्लेक्सवर तर छापूनच आणलंय, नम्रतेची मूर्ती. दारात बुधवाऱ्यातले कापडवाले शेठ भेटले, तेही हात जोडून म्हणाले, "मॅडम, बाई बहोतच सीधी होती. कधी तिचा आवाज नाही निघाला." शेठ, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही प्रेमानं बोललात. तुमच्या दोन्ही मुलांच्या वेळची बाळंतपणं तिच्या हातची. पण तिचा आवाज निघाला नाही, हे खरं नाही. तो मी माझ्या कानांनी ऐकलाय.

ऐका. मी तेव्हा निंबोल्याच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि सुवार्ता तिथं नर्स होती. केळीच्या बागेत काम करणारी एक मजूर बाई अडली. मूल आडवं होतं. गावात गाडी एकच, पाटलांची जीप. आणि ती जीप त्या दिवशी झेंडूच्या माळा लावून सजवून उभी, कारण पाटलांच्या धाकट्या भावाची वरात निघायची होती. बँड आलेला. नवरदेव बाशिंग बांधून तयार. सुवार्ता गेली आणि जीपच्या समोर उभी राहिली. म्हणाली, "पाटील, गाडी द्या."

पाटील म्हणाले, "सिस्टर, काय बोलून राहिल्या तुम्ही? नवरदेव निघून राहिला ना."

ती म्हणाली, "नवरदेव थांबतो. लेकरू नाही थांबत. गाडी द्या, नाहीतर मी इथून हलत नाही. माझ्या अंगावरून न्या."

पंचवीस वर्षांची पोर. सगळा गाव बघतोय. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. आणि पाटलांनी गाडी दिली. मी सोबत होते. इथं बुऱ्हानपुरात दवाखाना गाठेपर्यंत मला वाटत होतं की आता बाई जाते, आता जाते. गेली नाही. ते मूल आज चाळिशीचं आहे आणि इथं डाव्या बाजूला बसलंय.

पण मला सांगायची गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या दिवशी सुवार्ता बादली घेऊन पाटलांच्या दारात गेली आणि जीपची सीट धुवायला बसली. पाटील म्हणाले, राहू द्या, गडी धुईल. ती म्हणाली, "गाडी मी मागितली व्हती, तर मीच धुते." पाटील, तुम्ही मागे बसलात. मी खोटं बोलत असेन तर हात वर करा. बघा, मान हलवतायत.

मंडळी, ही नम्रता. मी तिच्याकडून शिकले ती ही. जिला ताठ उभं राहता येतं तीच वाकली, आणि वाकायचं तिनं स्वतः ठरवलं. पाटलांनी तिला वाकवलं नाही. तुम्ही ज्या बाईचं कौतुक आज करताय, ती बाई वेगळी. ती आपण तयार केली. कशी केली ते मला आज सांगू द्या. कुणाला वाईट वाटलं तर घरी जाऊन वाटून घ्या.

आपल्या चर्चचे राखणदार म्हातारे होऊन गावी गेले, तेव्हा पंचांनी सुवार्ताला विचारलं, नवा माणूस मिळेपर्यंत शनिवारची झाडलोट तुम्ही बघाल का? दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. ती म्हणाली, बघते. ते दोन महिने एकोणीस वर्षं चालले. एकोणीस वर्षं कुणाला माणूस मिळाला नाही. का मिळेल? शोधलाच कुणी? शनिवारी झाडायचं, बाकं पुसायची, प्रभुभोजनाचे पेले घासायचे, पाणी भरायचं, फुलं आणायची. कुणी आजारी पडलं की सुवार्ताला पाठवा. कुणाचं मयत झालं की अंघोळ घालायला सुवार्ताला बोलवा. मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं, अहो, पाळी लावा. तर आपल्यातलेच एक जण काय म्हणाले? "तिला सवय आहे."

तिला सवय आहे. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! गरम पातेलं उचलायचं, तिला सवय आहे. घाण काढायची, तिला सवय आहे, ती नर्स आहे. नाताळच्या जेवणाला सगळ्यात शेवटी बसायचं, तिला सवय आहे. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं, आणि वर म्हणायचं की बघा, मातीच किती चांगली आहे. आपण हेच केलं.

आता गुरुवारचं सांगते. आमच्या हिंदू शेजाऱ्यांना माहीत नसेल म्हणून नीट सांगते. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. गुरूने शिष्यांचे धुतले. उलटं नाही. शिष्यानं गुरूचे धुणं, धाकटीनं थोरलीचे धुणं, गरिबानं श्रीमंताचे धुणं, हा तर जगाचा रिवाजच आहे. त्याच्यासाठी प्रभूला यायची काय गरज होती? आमच्याकडे पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. खुर्ची, समोर पितळी परात, तांब्या, टॉवेल. नियम असा की जिचे पाय धुतले गेले, तिनं खाली बसून पुढच्या बाईचे धुवायचे. म्हणजे प्रत्येक जण एकदा खुर्चीवर आणि एकदा जमिनीवर. किती सुंदर नियम आहे! लहान पोरालाही समजेल.

पण आपण काय केलं? जमिनीवर बसायचं म्हटलं की साडी चुरगळते. गुडघे दुखतात. सेक्रेटरीच्या बायकोनं ड्रायव्हरच्या बायकोचे पाय धरायचे, तर कसंसंच वाटतं. मग कुणीतरी एका वर्षी म्हणालं, सुवार्ताबाई, तुम्हीच धुवा ना सगळ्यांचे, तुमचा हात हलका आहे. तिनं धुतले. पुढच्या वर्षी परात तिच्यासमोरच ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षी कुणाला विचारायचीही गरज वाटली नाही. आम्ही बायका रांगेत खुर्चीवर जाऊन बसायचो, पाय पुढे करायचो, डोळे मिटायचो, उठायचो. आणि घरी जाताना म्हणायचो, आज किती आशीर्वादित वाटलं. नम्र होण्यासाठी ठेवलेला एक दिवस, वर्षातला एकच दिवस, तोसुद्धा आपण तिच्या गळ्यात बांधला. असली चूक फक्त देवाधर्माची माणसंच करू शकतात.

ह्या वर्षीचा गुरुवार. तीन महिनेही झाले नाहीत. तिला दम लागत होता, पायांवर सूज होती, डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. भक्ती झाली. परात मांडली. आणि सुवार्ता उठली, गेली आणि खुर्चीवर बसली. चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. लुगडं जरा वर घेतलं. सुजलेले पाय परातीत ठेवले आणि थांबली.

कुणी उठलं नाही.

मी किती वेळ सांगू? एक अख्खं गीत म्हणून झालं, तेवढा वेळ. बायका एकमेकींकडे बघताहेत. कुणी ओढणी सारखी करतंय, कुणी गीताच्या वहीत तोंड घालून बसलंय. पासष्टी ओलांडलेली बाई, पाय कोरड्या परातीत ठेवून बसलेली, आणि आपण तीस-पस्तीस बायका. मग पंचांपैकी एक जण, मी नाव घेत नाही, हसत पुढे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तर आमच्या नम्रतेचा आदर्श. तुम्हीच खुर्चीवर बसलात तर कसं?"

तिनं मान हलवली. पाय बाहेर काढले. खुर्चीचा हात धरून, एक एक गुडघा टेकत खाली बसली. तांब्या घेतला. आणि म्हणाली, या.

आणि आम्ही गेलो.

थांबा. आता कुणी माझ्याकडे कौतुकानं बघू नका. ह्या सगळ्यात मी कुठे होते ते विचारा. मी दुसऱ्या बाकावर होते, परातीपासून चार पावलांवर. चाळीस वर्षांची मैत्रीण. मी का उठले नाही? मी मनाला सांगितलं, माझे गुडघे दुखतायत. माझे गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते. मी नवी कोसा साडी नेसले होते. आणि मला वाटलं, मी उठले तर सगळ्या बायका म्हणतील, बघा, मॅडम पुढे पुढे करते. तोंडानं कायम पुढे असणारी ही लीला, हातांची वेळ आली तेव्हा बसून राहिली. आणि तिसऱ्या नंबरला मी खुर्चीवर जाऊन बसले. त्या परातीत माझे पाय होते. तिनं माझे पाय धुतले, पुसले, आणि वर बघितलं.  मी उठले आणि चपला घातल्या.

चार दिवसांनी मी तिच्या घरी गेले. माफी मागायची म्हणून गेले होते. मला वाटलं, ती रुसली असेल, दोन शब्द सुनावेल, सुनावायलाच हवे होते. ती खाटेवर बसून तूरडाळ निवडत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "लीला, माझ्या हातून पाप झालं."

मी म्हटलं, कसलं पाप?

म्हणाली, "त्या दिवशी मले राग आला व्हता गं. लई राग. मी रागातच पाय धुतले सगळ्यांचे. तुझेही. तोंडानं या म्हणे, अन् मनात म्हणे, जा. असे धुतलेले पाय देवाले चालतात का?"

ऐकलंत? अपमान आपण केला. आणि पश्चात्ताप तिनं केला. मेली तोपर्यंत केला. रोजच्या प्रार्थनेत ती त्या रागाची क्षमा मागायची. रूथनं मला सांगितलं. आपल्यापैकी कुणी त्या गुरुवारची क्षमा मागितली? पंच, तुम्ही मागितलीत? आम्ही बायकांनी मागितली? मी तिला म्हटलं, सुवार्ता, तुझा राग बरोबर होता. तर ती म्हणे, "राग बरोबर व्हता, पण मी उठायला नको व्हतं. बसून राहायला पाहिजे व्हतं. नाही म्हणायची आता मले आदतच राहिली नाही." जीपसमोर उभी राहिलेली बाई हे म्हणाली. नाही म्हणायची सवय गेली. एकोणीस वर्षांत आपण तिला नवी सवय लावली आणि जुनी काढून घेतली, आणि त्याला नाव दिलं नम्रता.

म्हणून मला त्या शब्दाचा राग आलाय. शब्दाचा नव्हे, शब्द तर प्रभूचा आहे. आपण जो त्याचा वापर करतो त्याचा. मला सांगा, आपण कधी मोठ्या माणसाला म्हणतो का, जरा नम्र व्हा? पंचांना म्हणतो? पाळकसाहेबांना म्हणतो? मला कुणी म्हटलंय? नाही. नम्र व्हा असं आपण नेहमी खालच्यालाच सांगतो, जो आधीच खाली बसलाय त्याला. जिचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या मनाशी करायचा, ती गोष्ट आपण दुसऱ्याकडून वसूल करतो. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या आणि शेळीला म्हणायचं, किती गं तू गरीब!

एवढं बोलून मी बसले असते. मेलेल्या माणसाला आता काही फरक पडत नाही. पण मघाशी आमचे सेक्रेटरी, सॅम्युएलभाऊ, बोलले. त्यांचं शेवटचं वाक्य तुम्ही ऐकलंत का? ते म्हणाले, सुवार्ताबाईंची सेवा खंडित होणार नाही, त्यांची सून रूथबाई सासूची जागा चालवतील, असा मंडळीला विश्वास आहे. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून, नाहीतर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मी रूथकडे बघत होते. तिनं मान खाली घातली. आणि माझ्या मागची एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, चांगलं आहे, घरात बघूनच शिकलीय, तिला सवय आहे.

सॅम्युएलभाऊ, बसा. नाही, बसा. मी तुम्हाला बसा म्हणतेय. तुमचं मन वाईट नाही, मला माहीत आहे. तुम्ही तिच्यासाठी दवाखान्यात दोन रात्री काढल्यात. पण तुम्ही रूथला विचारलंत का? विचारायचं सुचलंसुद्धा नाही ना? रूथ दिवसभर शाळेत शिकवते. दोन मुलं आहेत. नवरा ट्रान्सपोर्टच्या गाडीवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. आज सकाळी स्वयंपाकघरात ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "आंटी, ते लोक मला सांगणार आहेत, मला पता आहे. मी नाही बोलले ना, तर म्हणतील, सासूसारखी नाही निघाली. आणि हो बोलले, तर माझं पण तसंच होईल. मी काय करू?"  मला वाटलं, सभा आहे, बघू नंतर. पुन्हा तेच. पुन्हा चार पावलांवर बसून राहणं.

तर आता नंतर नाही. शनिवारची झाडलोट पुढच्या शनिवारी मी करणार. माझ्या कामाचं कुणी कौतुक करायचं नाही आणि फ्लेक्स तर अजिबात लावायचा नाही. त्याच्या पुढचा शनिवार कुणाचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. सेक्रेटरींचाही एक असेल, पाळकसाहेबांचाही असेल. पेले घासायला डिग्री लागत नाही. मयताला अंघोळ घालायला कुणा बाईला भीती वाटते, तर मलाही वाटते, दोघी मिळून घालू. जमलं नाही तर चर्च एक आठवडा धुळीत राहील. धुळीत बसून केलेली प्रार्थना देवाला पोहोचते.

आणि रूथ. बाळा, उभी राहा. घाबरू नकोस. मी तुझ्या वतीनं बोलणार नाही. तुझ्या सासूच्या वतीनं एकोणीस वर्षं सगळे बोलले, तेवढं पुरे झालं. मी फक्त विचारते, ह्या सगळ्यांसमोर विचारते. मंडळीला वाटतं की तू सुवार्ताची जागा घ्यावीस. तू घेणार आहेस का? हो असेल तर हो म्हण, मी गप्प बसेन. खरंच बसेन.

सावकाश. घाई नाही. पाणी पी.

काय म्हणालीस?

मागच्यांना ऐकू गेलं नाही बाळा. निंबोल्याची माणसं मागे बसलीत. तुझ्या सासूचे भाऊ मागे बसलेत. अजून एकदा म्हण.

ऐकलंत? रूथ नाही म्हणाली.

आता रडू नकोस. बस. पाटील, तुम्ही का रडताय?

मंडळी, आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहायचंय. ज्यांना प्रार्थना येते त्यांनी प्रार्थना करा, ज्यांचा देव वेगळा आहे त्यांनी आपल्या देवाला सांगा. ह्या दोन मिनिटांत तिच्या गुणांची आठवण काढू नका. आपण तिच्याकडून काय काय करून घेतलं ते आठवा. मला माझं आठवायचंय, आणि मला दोन मिनिटं पुरणार नाहीत.

सुवार्ता, तुझ्या सुनेनं नाही म्हटलं गं, सगळ्यांसमोर, उभं राहून. तू आता नीज.